विमानानें सायकल नेतांना

फ्रान्समध्यें चार वर्षांतून एकदां पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही १,२०० किलोमीटरांची सायकलयात्रा होते. ती जास्तींत जास्त ९० तासांत पुरी करावयाची असते, आणि प्रवेशासाठीं त्याच वर्षीं २००, ३००, ४०० व ६०० किलोमीटरांच्या फेऱ्या मुदतींत केलेल्या असाव्या लागतात. महाराष्ट्रांतलीं मंडळीहि आतां तिकडे जातात. एवढें तप करून परदेशीं उतरावें आणि खोक्यांतून वांकडी सायकल निघावी, याहून मोठी निराशा कोणती? म्हणून हे चार शब्द.

विमान उंच गेलें कीं टायर फुटतो, अशी समजूत सार्वत्रिक आहे. आम्ही शाळामास्तर, हिशेब केल्यावांचून राहवत नाहीं. टायरांत दर चौरस इंचास ८० पौंड हवा आहे असें धरा. जमिनीवर बाहेरच्या हवेचा दाब १४.७ पौंड असतो. प्रवासी विमानाच्या सामानाच्या कोठारांतहि तो ८,००० फुटांवरील हवेइतका, म्हणजे सुमारें ११ पौंड, राखलेला असतो. फरक काय तो चार पौंडांचा! तथापि कंपन्या हवा काढावयास सांगतात, त्यांच्याशीं वाद घालूं नये. थोडी मात्र ठेवावी. टायर अगदीं रिकामा असल्यास धक्क्यानें चाकाची कड व ट्यूब दुखावते.

भय आहे तें खोकें आपटलें जाण्याचें. मागल्या चाकाजवळील गिअर बदलणारा भाग ज्या लहान पट्टीवर लटकतो, ती मुद्दामच मऊ धातूची केलेली असते. ती जराशी वांकली तरी गिअर धड लागत नाहींत, प्रसंगीं तो भाग स्पोकांत शिरतो. तो सोडवून, कापडांत गुंडाळून सांगाड्याच्या आंतल्या अंगास बांधावा. पट्टी प्रत्येक बनावटीची निराळी असते, सबब एक जास्त जवळ असूं द्यावी. पुढलें चाक काढल्यावर चिमट्याच्या दोन टोकांमध्यें त्याच रुंदीचा लांकडी तुकडा घट्ट बसवावा. डिस्क-ब्रेक असल्यास त्याच्या फटींत पुठ्ठा घालावा. सीट काढण्यापूर्वीं उंचीची खूण करावी. बोटभर फरकानेंहि लांबच्या प्रवासांत गुडघे धरतात.

पॅडल काढतांना पुष्कळजण घाम गाळतात. डाव्या पॅडलाचें मळसूत्र उलटें असतें. पाना वरच्या बाजूस धरून सायकलीच्या मागल्या दिशेस ओढावा, म्हणजे दोन्हीं सुटतात. विमान उडविणारे राइट बंधु मूळचे सायकलवालेच. त्यांच्या १९०३ च्या विमानाचे पंखेहि सायकलीसारख्या साखळ्यांनीं फिरत!

विजेची सायकल नेण्याचा विचार सोडावा. १६० वॉट-अवरहून मोठी लिथियम बॅटरी प्रवाशास नेतां येत नाहीं, आणि अशा सायकलींची बहुधा त्याहून पुष्कळ मोठी असते. दिव्यासाठीं नेलेली पॉवर-बँक हातांतल्या पिशवींत ठेवावी, पाने मात्र खोक्यांत. एका नगाचें वजन ३२ किलोंवर जाऊं देऊं नये. सायकल नेत असल्याचें कंपनीस आधींच कळवावें.

खोकें बंद करण्यापूर्वीं आंतील छायाचित्रें घ्यावींत. उतरल्यावर तें विमानतळावरच उघडून पाहावें. मोडतोड दिसल्यास तेथेंच लेखी नोंदवावी. आंतरराष्ट्रीय करारान्वयें सामान मिळाल्यापासून सातच दिवस तक्रारीस असतात.