हैदराबादने वेगळी वाट का धरली?

हैदराबादेतील नल्लकुंटा या वस्तीचे नाव तेलुगू आहे. त्याचा अर्थ काळे तळे. तेथून जवळच उस्मानिया विद्यापीठ आहे. १९१८ साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम मात्र उर्दू ठरले. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग धाडसाचा होता, यात शंका नाही. परंतु संस्थानातील बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी व कन्नड बोलणारी होती. १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांना येथून काढून टाकण्यात आले आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. राज्यकर्ता वर्ग आणि प्रजा यांच्यातील या अंतरातच १९४७ च्या निर्णयाचे मूळ आहे.

त्या वर्षी जून महिन्यात निजाम मीर उस्मान अली खान यांनी फर्मान काढले. इंग्रज जाताच हैदराबाद स्वतंत्र होईल, ते भारतात वा पाकिस्तानात सामील होणार नाही, असा त्याचा आशय होता. इंग्रजांची अधिसत्ता संपली की संस्थान पूर्ववत स्वतंत्र होते, हा त्यामागील कायद्याचा युक्तिवाद. संस्थानाचे नाणे, टपाल, रेल्वे व सैन्य स्वतःचे होते. विस्तार सुमारे ८२ हजार चौरस मैलांचा होता. परंतु त्याला समुद्रकिनारा नव्हता आणि चहूबाजूंनी भारताचाच प्रदेश होता. शिवाय निजामाचे नाते बरोबरीचे नाही, हे १९२६ सालीच व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी वऱ्हाडच्या वादात बजावले होते.

तरीही हा आग्रह का? बहुमताचे राज्य आले तर जहागिरी, अधिकारपदे आणि प्रतिष्ठा जाईल, हे भय त्याच्या मुळाशी होते. लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या रझाकारांनी ते भय पेटविले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहाटे, जैसे थे करारासाठी दिल्लीस निघालेल्या प्रतिनिधींची घरे जमावाने वेढली. निजामांनी मान्य केलेला मसुदा तसाच राहिला आणि शिष्टमंडळ बदलले. अखेर २९ नोव्हेंबरला करार झाला, तो जवळजवळ पूर्वीच्याच अटींवर. सार्वभौमत्व सांगणारा राजा आपल्या राजधानीतही स्वतंत्र उरला नव्हता.

प्रजेचे मत कोणी घेतले नाही. विलीनीकरण मागणारे स्वामी रामानंद तीर्थ १५ ऑगस्ट १९४७ रोजीच अटकेत पडले. पुढे गावोगाव रझाकारांचे अत्याचार झाले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले व १७ तारखेस निजाम सरकार शरण आले. त्या वेळी व त्यानंतर सूडाची लाट उसळली. पंडित सुंदरलाल समितीने किमान २७ ते ४० हजार माणसे मृत्यू पावल्याचा अंदाज केला. उस्मानाबाद, नांदेड, बीदर व गुलबर्गा या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोचली आणि मेलेल्यांत बहुसंख्य सामान्य मुसलमान होते. फर्मान ज्यांच्या नावाने निघाले आणि ज्यांना न विचारता निघाले, त्या दोघांनीही त्याची किंमत मोजली.