वाफेच्या वाटेतील हवा

न्यूयॉर्क शहरातील कित्येक जुन्या इमारतींना हिवाळ्यातील ऊब आजही तळघरातील बॉयलरची वाफच पुरवते, आणि 1 ऑक्टोबर ते 31 मे या मुदतीत, दिवसा बाहेरचे तापमान 55 अंश फॅरनहाइटच्या खाली उतरले असता खोलीत निदान 68 अंश राखण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर असल्यामुळे, एखादी खोली गारठली की भाडेकरूच्या तक्रारीवर मालकाचा हुकूम ठरलेला असतो : बॉयलरचा दाब वाढवा. हा इलाज बहुधा व्यर्थ जातो.

वाफेचे सामर्थ्य दाबात नसून तिच्या सुप्त उष्णतेत आहे. एक ग्रॅम वाफेचे पाणी होताना सुमारे 540 कॅलरी उष्णता मोकळी होते व तीच रेडिएटरचे बीड तापवते. परंतु बॉयलर निवलेला असताना नळ आणि रेडिएटर हवेने भरून जातात, आणि ती हवा बाहेर पडल्याखेरीज वाफेचा आत शिरकाव होत नाही. त्यासाठी एकनळी पद्धतीच्या रेडिएटरला नळाच्या विरुद्ध अंगास एक छोटी झडप बसवलेली असते. ती हवेला मुभा देते आणि वाफेचा स्पर्श होताच मिटते. वर्षानुवर्षे रंगाचे हात चढून तिचे छिद्र बुजले, की नळाकडील दोन-चार कप्पे हात लावू नये इतके तापतात आणि पलीकडचे थंडगार राहतात. नळावरचा व्हॉल्व्ह बंद करून, रेडिएटर निवल्यावर ही झडप काढून फुंकून पाहावी; फुंकर आरपार गेली नाही तर दोष सापडला. नवी झडप काही फार महाग नसते.

ज्या नळाने वाफ चढते त्यानेच पाणी उतरत असल्यामुळे व्हॉल्व्ह पूर्ण उघडा तरी असावा किंवा पूर्ण बंद तरी. अर्धवट ठेवल्यास पाणी अडून घणाचे ठोके ऐकू येतात. रेडिएटरवर पाणसळ ठेवून उतार नळाकडेच आहे ना, हेही पाहावे, आणि नसल्यास पलीकडच्या पायांखाली लाकडी चकती सरकवावी.

दूरच्या सगळ्याच खोल्या थंड असतील, तर मात्र तपास तळघरातील मुख्य नळाच्या झडपांपासून सुरू करावा. एका मजल्यावर बिऱ्हाडे कुडकुडत असताना दुसऱ्यावर भर जानेवारीत खिडक्या उघड्या दिसतात, त्या बहुधा मुख्य नळातील हवा नीट बाहेर न पडल्यामुळे. अशा वेळी लांबच्या रेडिएटरला हवा झपाट्याने सोडणारी आणि जवळच्याला मंदगतीची झडप बसवली, तर चौरस इंचास दोन पौंडांहून कमी दाबातही वाफ सर्वत्र पोचते.