विज्ञान कोणाच्या वाट्याला?

स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं अनेक हायस्कुलांत मुलींना गणिताऐवजी गृहशास्त्र घेण्याची मुभा असे. म्हणायला मुभा, मुलीने तेच घ्यावं ही घरच्यांची आणि शाळेचीही अपेक्षा. १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने तर मुलींसाठी गृहशास्त्राची खास सोय करा, अशी शिफारसच केली होती. गणित सुटलं की भौतिकशास्त्र सुटायचं आणि इंजिनिअरिंगचा विचारही तिथेच थांबायचा. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या आयुष्याचा एवढा मोठा निर्णय शाळेच्या वेळापत्रकातच होऊन जाई.

याला सरकारी पातळीवर ठाम विरोध केला तो हंसा मेहता यांच्या समितीने. मुलगा आणि मुलगी म्हणून अभ्यासक्रम वेगळे ठेवण्याला काही आधार नाही, असं या समितीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला सांगितलं. कोठारी आयोगाने ते उचलून धरलं. या आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी स्वतः भौतिकशास्त्रज्ञ, तर सदस्य-सचिव होते आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. जून १९६६ मध्ये आलेल्या अहवालात त्यांनी शाळेची पहिली दहा वर्षं विज्ञान आणि गणित सगळ्यांना सक्तीचं करा, अशी शिफारस केली. १९६८ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ती स्वीकारली. पुढे दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला. महाराष्ट्रात दहावीची पहिली बॅच १९७५ साली बाहेर पडली. विज्ञान सगळ्यांच्या दप्तरात आलं.

दप्तरात आलं, हातात मात्र आलं नाही. प्रयोगाची कृती फळ्यावर, निरीक्षण फळ्यावर, अनुमानही फळ्यावरच. मुलांनी ते उतरवून घ्यायचं आणि परीक्षेत तसंच्या तसं लिहायचं.

साठच्या दशकातच सरकारने दुसरी वाटही धरली होती, हुशार मुलं वेचून काढण्याची. १९६३ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय विज्ञान प्रज्ञाशोध परीक्षा सुरू झाली. पुढच्याच वर्षी ती देशभर नेऊन ३५० शिष्यवृत्त्या ठेवल्या गेल्या. मूलभूत विज्ञान शिकणाऱ्याला थेट पीएच.डी.पर्यंत आधार मिळे, आणि त्याचं मोल कमी नाही. पण अशा परीक्षेपर्यंत पोचायला आधी शाळा बरी लागते. ज्या शाळेत परीक्षानळीच नाही, तिथल्या मुलाची प्रज्ञा शोधणार कशी?

या प्रश्नाला सगळ्यात धीट उत्तर दिलं गेलं ते मध्य प्रदेशात, नर्मदाकाठच्या होशंगाबाद जिल्ह्यात. १९७२ मध्ये किशोर भारती आणि फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी राज्य सरकारकडून १६ सरकारी उच्च प्राथमिक शाळा मागून घेतल्या. सहावी ते आठवीचं विज्ञान तिथे प्रयोगातूनच शिकवायचं ठरलं. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि दिल्ली विद्यापीठातले शास्त्रज्ञ खेड्यातल्या मास्तरांबरोबर बसले. मुलं चार-चारच्या टोळीने काम करत. ‘बाल वैज्ञानिक’ या पुस्तकात उत्तरं छापलेली नव्हती. प्रयोग करायचा, काय दिसलं ते वहीत लिहायचं आणि मग वर्गात त्यावर चर्चा. फूल उकलून बघायला विकतच्या सुईची गरज नव्हती, बाभळीचा काटा पुरे.

पुण्याच्या टेल्कोतले तरुण इंजिनिअर अरविंद गुप्ता १९७८ मध्ये रजा काढून तिथे गेले. आठवडी बाजारात मिळेल त्यातून काय करता येईल, हे ते शोधू लागले. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे इवलेसे तुकडे कापायचे आणि त्यांत काड्यापेटीतल्या काड्या खोचायच्या. तीन काड्यांचा त्रिकोण दाबून पाहा, आकार बदलत नाही. चार काड्यांचा चौकोन बोट लावताच कलतो. त्यात एक तिरकी काडी बसवा, तोही ताठ उभा राहतो. छपराच्या कैच्या आणि रेल्वेच्या पुलाचे सांगाडे त्रिकोणांचेच का असतात, हे सहावीतल्या पोराच्या बोटांना कळतं! पुढे हेच गुप्ता पुण्यात ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात मुलांना अशी खेळणी करायला शिकवत होते.

होशंगाबादच्या या कार्यक्रमात सरकारचा वाटा कोणता, हे नीट पाहायला हवं, कारण खरं वेगळेपण तिथेच आहे. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातल्या सगळ्या उच्च प्राथमिक शाळांत गेला. शाळा निवडलेल्या नव्हत्या, सरसकट सगळ्या. शिक्षकांची सुट्टीतली प्रशिक्षणं झाली, दर महिन्याच्या बैठका झाल्या. आठवीची परीक्षाही बदलली: पुस्तक उघडं ठेवून लेखी पेपर आणि शिवाय प्रत्यक्ष प्रयोग. परीक्षा बदलायला सरकार राजी झालं, ही फार मोठी गोष्ट होती. मुलं ‘सवालीराम’ या काल्पनिक मित्राला पत्रं लिहून मनातले प्रश्न विचारत आणि त्यांना उत्तरं जात. १९८२ मध्ये स्थापन झालेल्या एकलव्य संस्थेने हे काम पुढे नेलं. ते १५ जिल्ह्यांतल्या सुमारे हजार शाळांपर्यंत पोचलं.

२००२ मध्ये राज्य सरकारने ते बंद केलं आणि राज्यातल्या इतर शाळांचं पुस्तक इथेही लावलं. तीस वर्षांत तयार झालेले शिक्षक पुन्हा फळ्याकडे वळले. शाळकरी विज्ञानाचं याहून मोठं नुकसान सरकारी निर्णयाने क्वचितच झालं असेल.

त्यानंतर मुलांना विज्ञानाकडे वळवणाऱ्या योजना कमी आल्या नाहीत. २००८ ची ‘इन्स्पायर’, मुलींसाठी २०१९ ची ‘विज्ञान ज्योती’. आयआयटीत मुलींचं प्रमाण दहा टक्क्यांच्याही खाली होतं. २०१८ पासून त्यांच्यासाठी जादा जागा निर्माण केल्या आणि दोन-तीन वर्षांत ते वीस टक्क्यांवर गेलं. मनावर घेतलं की आकडे हलतात, हे यातून दिसलंच. पण २०१६ मध्ये सुरू झालेल्या अटल टिंकरिंग लॅबचं पाहा. शाळेला वीस लाखांचं अनुदान, थ्रीडी प्रिंटर, रोबोटचे सुटे भाग, सगळं उत्तम. अट मात्र अशी ठेवली गेली, की सपाट प्रदेशातल्या शाळेकडे दीड हजार चौरस फूट जागा हवी. मेळघाटातल्या दोन खोल्यांच्या शाळेने ती आणायची कुठून?

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांत अशा ५० हजार लॅब उभारण्याची घोषणा झाली. रोख सरकारी शाळांवर आहे, हे चांगलंच. यंत्रं येतील, फीतही कापली जाईल. त्या खोलीत मुलांबरोबर उभ्या राहणाऱ्या शिक्षकांना वर्षातले किती दिवस प्रशिक्षण मिळणार, त्यांच्या शंका सोडवायला दर महिन्याला कोण येणार आणि मुलांनी हाताने केलेल्या कामाला परीक्षेत किती गुण ठेवणार, हे सरकारने आत्ताच सांगायला हवं.