पाचोळ्यातलं अफाट कूळ

सस्तन प्राणी, पक्षी, सरपटणारे आणि उभयचर यांच्या जगातल्या सगळ्या जाती एकत्र मोजल्या, तरी रोव्ह बीटल या एकाच भुंगेऱ्यांच्या कुळाची बरोबरी होत नाही. या कुळातल्या 60,000 हून अधिक जातींना आजवर नावं मिळाली आहेत. लांबट अंग, पाठीवर आखूड कवच, मागे उघडं पोट. उडायचे पंख त्या इवल्याशा कवचाखाली घड्या घालून ठेवलेले. म्हणूनच हा किडा सागाच्या पाचोळ्यात, कुजक्या बुंध्यात, शेणात, पावसाळ्यातल्या सात्यांवर (अळंब्यांवर), अगदी वाळवीच्या वारुळातही सहज शिरतो.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या शेतकऱ्याशी या कुळाचं नातं जवळचं आहे. धानाच्या बांधीत फिरणारा नारिंगी-काळा पेडेरस तुडतुडे खातो. रात्री तोच दिव्यावर येतो आणि अंगावर चिरडला गेला की कातडीवर फोड उठतात. हे विष, पेडेरिन, त्याच्या शरीरात राहणारे जिवाणू बनवतात. फोडांमुळे तो बदनाम झाला. पिकाची राखण करतो, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

भारतातल्या या कुळाच्या अभ्यासाचा पाया माल्कम कॅमेरॉन या ब्रिटिश नौदलातल्या डॉक्टरने घातला. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालेतले त्यांचे खंड 1930 ते 1939 दरम्यान निघाले आणि आजही अभ्यासकाला तिथूनच सुरुवात करावी लागते. त्यांत हिमालयाचा पायथा आणि निलगिरी यांचा भरणा मोठा. मध्य भारतातल्या पानगळीच्या जंगलांकडे तेवढ्याच चिकाटीने पाहायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

नवी जात ठरवणं हे धीराचं काम आहे. पाचोळा चाळायचा, जमिनीत पेले पुरून सापळे लावायचे, मग सूक्ष्मदर्शकाखाली नराचे जननावयव सोडवून पाहायचे. कारण बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन जातींतला फरक बहुधा तिथेच सापडतो. त्यानंतर जुन्या मूळ नमुन्यांशी ताडून पाहणं आलं, आणि कॅमेरॉन यांचा संग्रह आहे लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये. चार्ल्स डार्विनने 1832 मध्ये अर्जेंटिनात पकडलेल्या एका रोव्ह बीटलचं नाव व वर्णन 2014 मध्ये प्रसिद्ध झालं. एवढ्या वर्षांनंतरही तो नमुना उपयोगी पडला, कारण तो जपून ठेवलेला होता.

आपल्याकडे 2002 च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या जातीचा नमुना नेमलेल्या संग्रहात जमा करावा लागतो. ते योग्यच आहे. पण अभ्यासाचा एक संग्रह गडचिरोलीतही हवा. 2011 मध्ये स्थापन झालेलं गोंडवाना विद्यापीठ तिथे आहे, सात्या कुठे उगवतात हे सांगणारी गावं आहेत. नमुने मात्र पावसाळ्यापासूनच गोळा करायला हवेत. उन्हाळ्यात मोहफुलं वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळला जातो, आणि त्यात राहणारे हे किडेही त्याबरोबर जातात.