घरपट्टीची पावती आणि पालिकेचे अंदाजपत्रक

फेब्रुवारी-मार्च आला की आपल्या घरात दोन कागद हमखास येतात. एक मुलांच्या परीक्षेचे वेळापत्रक आणि दुसरे घरपट्टीचे बिल. पहिला कागद आपण कौतुकाने भिंतीला चिकटवतो. दुसरा मात्र घडी घालून ट्रंकेत जातो. ‘पगार झाला की बघू’ म्हणता म्हणता वर्ष निघून जाते.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका शहरात घडलेली गोष्ट. वस्तीतील एक मावशी रात्री आमच्या दारात आल्या. मालक वारलेले, पोरगा अकरावीला, चार घरची धुणीभांडी. हातात पालिकेची नोटीस. घरपट्टी एकदम दुप्पट! मावशींनी एकच प्रश्न विचारला, ‘दादा, नाही भरली तर घर काढून घेतील का हो?’

आम्ही पेशाने कारकून. आकड्यांची भीती वाटत नाही. नोटीस दिव्याखाली धरून वाचली, तेव्हा लक्षात आले की मावशींचे पत्र्याचे घर कागदावर स्लॅबचे झाले होते. मावशींनी नोटीस वाचली नव्हती, फक्त खालची रक्कम पाहिली होती. साध्या कागदावर हरकत लिहिली, घराचे फोटो जोडले, आवक क्रमांकाची पोच घेतली. सुनावणी झाली, माणूस येऊन घर पाहून गेला आणि चूक दुरुस्त झाली. पण त्याच गल्लीतील दुसऱ्या घरी हीच चूक होती. त्यांनी मुदत घालवली आणि वाढीव रक्कम निमूटपणे भरली. दोन्ही घरांत फरक काय? एकाने वेळेत कागद वाचून घेतला, दुसऱ्याने नाही.

म्हणून ही आकारणी कशी होते, हे आपल्या घरातील कॉलेजात जाणाऱ्या पोरीपासून आजीपर्यंत सर्वांना समजले पाहिजे. जुन्या पद्धतीत घर भाड्याने दिले तर वर्षाला किती भाडे येईल, हे आधी ठरवतात. त्यातून दुरुस्तीसाठी १० टक्के वजा करतात. उरते ते करयोग्य मूल्य. त्यावर निरनिराळ्या करांचे टक्के लावतात.

समजा, घर ३०० चौरस फुटांचे आहे आणि दर महिना चौरस फुटाला १ रुपया धरला. वर्षाचे झाले ३,६०० रुपये. १० टक्के वजा जाता राहिले ३,२४०. सर्व कर मिळून २५ टक्के धरले, तर बिल ८१० रुपये. आता तेच पत्र्याचे घर स्लॅबचे लिहून दर २ रुपये धरला, की बिल १,६२० रुपये! घर तेच, भिंती त्याच. फक्त एका रकान्यातला शब्द बदलला. शिवाय थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती. १,६२० रुपयांवर वर्षाला सुमारे ३८९ रुपये नुसते दंडाचे. नगरपालिका क्षेत्रांतील ही शास्ती काही अंशी माफ करण्यासाठी अभय योजनेचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला. पण अशा योजनेत माफ होते ती शास्ती, मूळ कर नव्हे.

हा झाला आपल्या घरचा हिशेब. आता गावचा पाहू.

घरपट्टीला एवढे महत्त्व का आले? पूर्वी पालिकांचा मोठा आधार जकात होता. साताऱ्यासारख्या नगरपालिकांची जकात १९९९ मध्ये गेली. महापालिकांत जकातीनंतर स्थानिक संस्था कर आला. २०१५ मध्ये बहुतेक व्यापाऱ्यांना त्यातून सूट मिळाली आणि २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर तोही संपला. आता पालिका शासनाच्या अनुदानाकडे डोळे लावून बसतात. हक्काचे उत्पन्न म्हणून हाती उरते ते मुख्यतः घरपट्टी आणि पाणीपट्टी. म्हणजे तिजोरी भरण्यात झोपडीवाल्याचाही वाटा आहे, हे विसरू नका. आपण फुकटे नाही, करदाते आहोत!

मग करदात्याने विचारायला नको का, की पैसा जातो कुठे?

अंदाजपत्रक म्हणजे काही अगम्य पोथी नव्हे. आपल्या माता-भगिनी दर महिन्याला तेच करतात. किराणा, दूध, फी, दवाखाना, आणि उरले तर भिशी. पालिकेच्या पुस्तकातही तेच आहे, फक्त रकाने जास्त. त्यात तीन रकाने शोधा: मागील वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाची तरतूद. खरी गोम इथेच असते. तरतूद म्हणजे खर्च नव्हे. कागदावर पुरणपोळी वाढली म्हणून पोट भरत नाही.

मागासवर्गीयांचे कल्याण, महिला व बालकल्याण आणि दिव्यांग यांच्यासाठी पालिकांनी आपल्या उत्पन्नातून प्रत्येकी ५ टक्के राखून ठेवावेत, असा शासनाचा दंडक आहे. आपल्या पालिकेच्या पुस्तकात या तीन ओळी काढा आणि शेजारचा प्रत्यक्ष खर्चाचा रकाना पाहा. तिथे तरतुदीपेक्षा फारच लहान आकडा दिसला, तर आपल्या वस्तीतील तुंबलेल्या गटारीचे कारण समजेल. सांगलीकरांना हे जास्त सांगायला नको. २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण पाहिले. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४५ फुटांवर गेली की धोक्याची पातळी, हे तिथल्या लहान पोरालाही पाठ आहे. मग पावसाळ्याआधी नालेसफाईवर किती खर्च झाला, हेही पाठ असायला हवे.

मधली काही वर्षे तर विचारायचे कुणाला, हाच प्रश्न होता. सातारा पालिकेची मुदत २०२१ च्या अखेरीस संपली, सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची ऑगस्ट २०२३ मध्ये. त्यानंतर प्रशासकांचा कारभार. अंदाजपत्रक मांडणारा अधिकारी तोच आणि मंजूर करणाराही तोच! साताऱ्याची निवडणूक डिसेंबर २०२५ मध्ये आणि सांगलीची जानेवारी २०२६ मध्ये झाली. आता पुन्हा आपण निवडून दिलेली माणसे सभागृहात आहेत. मत मागायला ते आपल्या दारात आले होते. हिशेब मागायला आपण त्यांच्या दारात गेलो, तर त्यात गैर काय?

ज्या साताऱ्यात १९०० साली बाल भीमरावांचे नाव शाळेच्या पटावर चढले, तिथल्या मातीत वाढलेल्या आपण आकड्यांना भ्यावे, हे शोभत नाही. बाबासाहेब अर्थशास्त्राचे पंडित होते. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारचा पैसा येतो कोठून आणि जातो कोठे, याचाच तो अभ्यास. आणि १९२७ चे महाडचे चवदार तळे? ते महाड नगरपालिकेच्या ताब्यातले तळे होते. ते सर्वांना खुले करण्याचा ठराव पालिकेने १९२४ मध्ये केला होता, पण तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी पिऊन त्या कागदी ठरावाला अर्थ दिला. सार्वजनिक ते सर्वांचे, हा त्या ओंजळीचा अर्थ. पालिकेची तिजोरीही सार्वजनिकच आहे.

तेव्हा बंधू-भगिनींनो, चार गोष्टी करा. नोटीस आली की त्याच दिवशी क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार आणि वापर, हे तीन रकाने तपासा. चूक असल्यास नोटिशीवरील मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. बिल बरोबर असेल तर वेळेवर भरा आणि पावती जपून ठेवा. मात्र पावती म्हणजे मालकीचा दाखला नव्हे, जागेचे कागद वेगळे सांभाळा. महापालिकेने कराचे दर २० फेब्रुवारीपर्यंत ठरवायचे असतात, म्हणून दराबाबतचे म्हणणे त्याआधीच नगरसेवकाकडे लेखी द्या. राखीव निधीचा हिशेब मिळत नसेल, तर माहितीच्या अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा. उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही शुल्क नाही.

बुद्धविहारात रविवारी वंदना झाल्यावर अर्धा तास यासाठी ठेवता येईल. प्रत्येकाने आपले बिल आणावे, शिकलेल्या पोरा-पोरींनी ते वाचून दाखवावे. त्या मावशींचा पोरगा आता बी. कॉम. झाला आहे. गल्लीतील नोटिसा हल्ली तोच वाचतो. आमच्याकडे रात्री कुणी येत नाही, याचा आम्हाला मोठा आनंद आहे.

जयभीम!