डोरोथी प्राइस यांचे उंदीर आणि जिममधला कोर्स

‘दीड वर्षापूर्वी जिममध्ये स्टेरॉइडचे दोन कोर्स केले. आता काहीच घेत नाही. तरी सतत थकवा असतो, इच्छा उरलेली नाही, वर्षभर प्रयत्न करूनही मूल नाही. डॉक्टरांना काय सांगू?’ असं एका वाचकानं विचारलं आहे.

या तक्रारीचं मूळ शिकागो विद्यापीठात १९३२ सालीच सापडलं होतं. कार्ल मूर यांच्या प्रयोगशाळेत एक कोडं पडलं होतं. नर उंदराला नराचंच संप्रेरक टोचलं, तर त्याचे वृषण फुगायला हवेत; प्रत्यक्षात ते आक्रसत होते. स्वतःचंच संप्रेरक ग्रंथीला कसं बाधेल? तिथे तंत्रज्ञ म्हणून रुजू झालेल्या डोरोथी प्राइस यांना सुचलं, की संप्रेरक वृषणांना हातही लावत नसेल, ते मेंदूच्या तळाशी असलेल्या, वृषणांना हुकूम देणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीला गप्प करत असेल. मग उंदरांना संप्रेरकाबरोबर पिट्युटरीचाही पुरवठा केला, आणि वृषण शाबूत राहिले! केवढा स्वच्छ प्रयोग! नराचं हे संप्रेरक म्हणजे टेस्टोस्टेरॉन; ते कृत्रिमरीत्या तयार झालं त्यानंतर, १९३५ साली. जिममधली स्टेरॉइडं म्हणजे तेच किंवा त्याची भावंडं. त्या कामाला १९३९चं नोबेल मिळालं. प्राइस यांचं नाव मात्र आज वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनाही क्वचितच ठाऊक असतं.

हे समजायला सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांसमोर आणा: पंप म्हणजे वृषण, फ्लोट म्हणजे पिट्युटरी, टँकर म्हणजे इंजेक्शन. पाणी वर आलं की फ्लोट उचलला जातो आणि खालचा पंप बंद होतो. आता कुणी रोज टँकर आणून टाकी काठोकाठ भरत राहिलं, तर पंप सुरू होणारच नाही. टँकर थांबला की टाकी रिकामी होते. पण महिनोन्‌महिने बंद पडलेला पंप लगेच पाणी चढवत नाही. ‘कोर्स संपला की सगळं आपोआप जागेवर येतं’ असं सांगणारे याच मधल्या कोरड्या काळाबद्दल बोलत नाहीत.

हा काळ किती असतो? पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन देऊन पाहिलं. १९९०च्या त्या अहवालानुसार सहा महिन्यांत सुमारे दोनतृतीयांश पुरुषांच्या वीर्यात एकही शुक्राणू उरला नाही. अशा चाचण्यांच्या २००६च्या एकत्रित अभ्यासात इंजेक्शनं थांबवल्यावर सहा महिन्यांत ६७ टक्के, वर्षभरात ९० टक्के पुरुषांच्या शुक्राणूंची संख्या समाधानकारक पातळीवर आली. उरलेल्यांना दोन वर्षांपर्यंत वेळ लागला. पण हे मोजूनमापून दिलेलं औषध होतं. जिममध्ये दोन-तीन औषधं एकत्र, कितीतरी जास्त मात्रेत घेतात. तिथे वेळ अधिक लागू शकतो आणि काहींचं नुकसान पूर्ण भरून येत नाही.

म्हणून एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जा आणि सगळं खरं सांगा: औषधांची नावं, मात्रा, किती आठवडे, शेवटचं इंजेक्शन कधी. बाटलीचा फोटो असेल तर दाखवा. हे लपवलं तर डॉक्टर पिट्युटरीतली गाठ शोधत बसतील. सकाळी उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी टेस्टोस्टेरॉन तपासतात. सोबत एलएच आणि एफएसएच, म्हणजे पिट्युटरी ज्यांच्यामार्फत वृषणांना हुकूम देते ती संप्रेरकं. तिन्ही कमी असतील तर दोष वृषणांचा नाही, वरून येणाऱ्या हुकमाचा आहे. रक्त दाट झालंय का, कोलेस्टेरॉल, यकृत, हृदय हेही पाहायला हवं.

एक धोका मला फार अस्वस्थ करतो. रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी दिसलं म्हणून पुन्हा टेस्टोस्टेरॉनच टोचून घेणं! बरं वाटेल, पण मूल हवं असणाऱ्यासाठी तो उलटा उपाय आहे. डॉक्टर काही महिने वाट पाहतील, किंवा एचसीजी, एफएसएच, क्लोमिफीन यांतलं काही रिपोर्ट पाहून देतील. अशीच औषधं ट्रेनर ‘पीसीटी’च्या, म्हणजे कोर्सनंतरच्या उपचाराच्या नावाखाली तपासणीशिवाय विकतो, ती घेऊ नका. औषध सुटल्यावर काहींचं मन खचतं, जीव नकोसा होतो. असे विचार येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, घरच्यांना सांगा.

वीर्यतपासणीचा पहिला अहवाल शून्य आला तरी हाय खाऊ नका. शुक्राणू तयार व्हायला साधारण ७४ दिवस लागतात, त्यामुळे तीन महिन्यांनी ती पुन्हा करायची असते. पत्नीच्या तपासण्या मात्र तोवर थांबवू नयेत.