तार कुणाची, दुरुस्ती कुणाची?

२७ जुलै २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने बीएसएनएलसाठी १ लाख ६४ हजार कोटी रुपयांचे पॅकेज मंजूर केले आणि सगळ्यांचे लक्ष त्या रकमेवर खिळले. त्याच निर्णयात आणखी एक गोष्ट ठरली होती. भारत ब्रॉडबँड नेटवर्क लिमिटेड, म्हणजे बीबीएनएल, ही दुसरी सरकारी कंपनी बीएसएनएलमध्ये विलीन करायची. शहरातल्या अनेक वाचकांनी तोवर हे नावही ऐकले नसेल. पण ग्रामपंचायतीच्या भिंतीवर इंटरनेटचे यंत्र बसवलेले असूनही ज्यांना दाखल्यासाठी तालुक्याला जावे लागते, त्यांच्यासाठी त्या दिवशीची मोठी बातमी हीच होती.

बीबीएनएलचा जन्म फेब्रुवारी २०१२ मधला. त्याआधी ऑक्टोबर २०११ मध्ये देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत ऑप्टिकल फायबर नेण्याची योजना मंजूर झाली होती. प्रत्येक पंचायतीला १०० एमबीपीएस वेग, खर्च अंदाजे २० हजार कोटी, मुदत दोन वर्षे. पैसा टेलिकॉम कंपन्यांच्या उत्पन्नातून कापल्या जाणाऱ्या सार्वत्रिक सेवा निधीतला, म्हणजे शेवटी तुमच्या-आमच्या रिचार्जमधला. अजमेर जिल्ह्यातील अराई, विशाखापट्टणमजवळचे परवाडा आणि त्रिपुरातील पाणिसागर या तीन तालुक्यांत चाचणी झाली. पुढे योजनेला भारतनेट हे नाव मिळाले. पहिल्या टप्प्यातल्या एक लाख पंचायती पूर्ण व्हायला मात्र डिसेंबर २०१७ उजाडला.

उशीर तर झालाच, पण माझ्या मते खरी मेख योजनेच्या रचनेत होती. पैसे वाचवण्यासाठी तालुक्याच्या टेलिफोन एक्स्चेंजपासून गावाच्या दिशेने जिथवर जुनी केबल होती, तिथवर तीच वापरायची आणि उरलेल्या अंतरावर नवी टाकायची असे ठरले. जुनी केबल बहुतेक ठिकाणी बीएसएनएलची, क्वचित रेलटेलची किंवा पॉवरग्रिडची. नवी केबल बीबीएनएलच्या मालकीची, पण टाकणार पुन्हा याच तीन कंपन्या. म्हणजे एक्स्चेंजमधून निघालेला प्रकाशाचा झोत गावात पोचेपर्यंत वाटेत मालक बदलत होता. लाइन बंद पडली की पहिला प्रश्न असे, दोष कोणत्या तुकड्यात आहे? दुसरा, तो दुरुस्त करण्याचे पैसे कोण देणार? बीबीएनएलकडे मालकी होती, पण गावोगावी फिरणारी माणसे नव्हती. बीएसएनएलकडे माणसे होती, पण केबल तिची नव्हती. सरपंचाने तक्रार करायची तर कोणाकडे?

केबल तुटण्याची कारणे रोजचीच. रस्ता रुंद करताना जेसीबीचा दात लागतो, जलवाहिनीसाठी चर खणला जातो, पुलाच्या कठड्याला बांधलेली नळी पुरात वाहून जाते. खणण्याआधी संबंधित कंपनीला कळवता यावे म्हणून मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचे ॲप सुरू झाले. चांगले पाऊल आहे, पण ते गावच्या ठेकेदारापर्यंत पोचले तर.

विलीनीकरणाने हा मालकीचा घोळ मिटवायचा होता. बीएसएनएलच्या स्वतःच्या ६ लाख ८३ हजार किलोमीटर फायबरमध्ये बीबीएनएलच्या ५ लाख ६७ हजार किलोमीटरची भर पडणार होती. एक्स्चेंजपासून पंचायतीपर्यंत एक मालक आणि एकच जबाबदार कंपनी. मला हा निर्णय योग्य वाटतो. एका कामासाठी दोन सरकारी कंपन्या ठेवल्या की त्यांच्या पत्रव्यवहारात गाव अडकते, हे दहा वर्षांत पुरेसे सिद्ध झाले होते.

तरी विलीनीकरण ज्या कंपनीत करायचे ठरले, तिची अवस्था विसरून चालणार नाही. ऑक्टोबर २०१९ च्या पॅकेजनंतर बीएसएनएलच्या ७८,५६९ कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. ३१ जानेवारी २०२० च्या संध्याकाळी कंपनीचे जवळजवळ निम्मे मनुष्यबळ एकदम बाहेर पडले. पगाराचा बोजा कमी झाला, हे खरे. पण कोणत्या वळणावर केबलचा जोड आहे, कोणत्या शेताच्या बांधाखालून ती गेली आहे, हे ज्यांना पाठ होते ते लाइनमनही त्यांच्याबरोबर गेले. ते ज्ञान कोणत्याही नकाशावर उतरवलेले नव्हते. अडीच वर्षांनीच देशभरातल्या पंचायतींची जबाबदारी याच कंपनीच्या खांद्यावर आली.

महाराष्ट्रात आणखी एक पदर आहे. भारतनेटच्या दुसऱ्या टप्प्यात काही राज्यांनी काम स्वतःकडे घेतले, त्यांत आपले राज्य होते. महाआयटी या राज्य सरकारच्या कंपनीने ‘महानेट’ नावाने ते हाती घेतले. त्यामुळे काही तालुके पहिल्या टप्प्यातले, केंद्राच्या कंपनीचे, तर काही महानेटचे. दिल्लीत दोन कंपन्या एक करायचे ठरले, पण महानेटच्या गावांचा प्रश्न त्यातून आपोआप सुटत नाही.

मालकीइतकाच केबलच्या आखणीचाही प्रश्न आहे. भामरागडचे उदाहरण घ्या. पर्लकोटा नदीला पूर आला की तालुक्याचा रस्ता बंद होतो, आणि असे जवळजवळ दर पावसाळ्यात होते. अशा ठिकाणी रस्त्याकडेने नेलेली एकच केबल रस्त्याच्याच नशिबाला बांधलेली असते. आधीच्या टप्प्यांतले बहुतेक जाळे असेच सरळ रेषेतले होते. एका जागी तुटली की पुढची सगळी गावे अंधारात. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित भारतनेटमध्ये, ज्याचा खर्च सुमारे १ लाख ३९ हजार ५०० कोटी आहे, ही चूक सुधारायचे ठरले. तालुका आणि पंचायती वर्तुळाकार जोडायच्या. एका बाजूने केबल तुटली तर संदेश दुसऱ्या बाजूने फिरून येईल. कंत्राटातही बदल आहे. जो केबल टाकेल त्यानेच पुढची दहा वर्षे ती चालू ठेवायची, आणि या सगळ्यावर देखरेख बीएसएनएलची. आधी किलोमीटर मोजून बिले निघत. खड्डा बुजवला की काम संपले, अशी वृत्ती त्यातूनच रुजली.

हे सगळे कशासाठी, ते एकदा स्पष्ट म्हणायला हवे. रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी १ जानेवारी २०२३ पासून ॲपवर, दिवसातून दोनदा फोटो काढून लावणे सक्तीचे झाले. रेंज नसेल तर दिवसभर खोदकाम केलेल्या बाईची मजुरी अडकू शकते. रेशनसाठी अंगठा यंत्रावर, पिकाची नोंद ई-पीक पाहणीत, आणि लाडक्या बहिणीची ई-केवायसीही मोबाइलवरच. सरकारने आपले दरवाजे इंटरनेटच्या आत हलवले आहेत. मग त्या दरवाजापर्यंतचा रस्ता बांधणे सरकारचेच कर्तव्य ठरते. नफा दिसत नाही तिथे खासगी कंपनी जाणार नाही. तिला दोष देण्यात अर्थ नाही, पण म्हणूनच सरकारी कंपनी जिवंत आणि कामाची राहायला हवी.

टाळेबंदीत सिंधुदुर्गातल्या एका विद्यार्थिनीने रेंजसाठी डोंगरावर झोपडी उभारून अभ्यास केला. तिचे भरभरून कौतुक झाले. मला त्या बातमीने अस्वस्थ केले होते, कारण तिच्या जिद्दीची गरजच पडायला नको होती. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणानुसार २०१७-१८ मध्ये ग्रामीण भागातल्या १५ टक्क्यांहूनही कमी घरांत इंटरनेटची सोय होती. शहरांत हे प्रमाण ४२ टक्के होते. आणि तार घरात आली म्हणून ती सगळ्यांची होत नाही. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात इंटरनेट कधी ना कधी वापरलेले पुरुष ५७ टक्के आढळले, स्त्रिया ३३ टक्के. शिवाय हातातले साधनही धड हवे. निकृष्ट फोन आणि अडचणीचे ॲप हाती दिल्यावर २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी ते फोन सरकारला परत केले होते. त्यांची तक्रार रास्त होती.

नव्या योजनेत पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांना फायबर जोडणी देण्याचे लक्ष्य आहे. गावातल्याच तरुणांनी ‘भारतनेट उद्यमी’ म्हणून जोडण्या द्यायच्या, दुरुस्ती बघायची आणि उत्पन्नात वाटा घ्यायचा. लाइनमन गेल्याने पडलेली पोकळी भरून निघाली तर यातूनच निघेल. त्यासाठी त्या तरुणाला प्रशिक्षण आणि साहित्य मिळायला हवे, त्याचा वाटा महिन्याच्या महिन्याला हाती पडायला हवा. आणि प्रत्येक ग्रामसभेसमोर बीएसएनएलने किंवा महाआयटीने एक कागद ठेवायला हवा: गेल्या महिन्यात गावची लाइन किती तास चालू होती, किती वेळा तुटली, किती दिवसांत जोडली, आणि पुन्हा तुटली तर कोणत्या माणसाला, कोणत्या नंबरवर फोन करायचा.